‘सरळ बस’ म्हणण्याआधी

पालकहो, घरात लॅपटॉप आला की ‘सरळ बस, किती वाकतोस!’ हे दिवसातून कितीदा तरी ऐकू येतं. मूल दोन मिनिटं ताठ बसतं, पुन्हा पोक काढतं. मनापासून सांगते, यात त्याचा फारसा दोष नसतो. बसायची जागाच त्याला वाकवते.

आपल्या नेवाशात पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली, अशी श्रद्धा आहे. तिच्या सहाव्या अध्यायात ध्यानाला बसायच्या आसनाचा विचार येतो: फार उंच नको, अंग डोलेल, फार खालीही नको. मान आणि पाठ यांचं नंतर, आधी आसन. आपण नेमकं उलटं करतो. मोठ्यांच्या मापाचं टेबल आणतो आणि वर मुलालाच दटावतो.

जेवणाचं टेबल साधारण ३० इंच उंच असतं. चौथी-पाचवीतलं मूल तिथे बसलं की त्याचे खांदे कानाकडे चढतात आणि पाय लोंबकळतात. मग खुर्चीवर सतरंजीची घट्ट घडी ठेवा, कोपरं टेबलाच्या पातळीला येईपर्यंत. आता पाय आणखी अधांतरी झाले, म्हणून खाली पाट किंवा चौरंग सरकवा. कमरेमागे छोटी उशी. एवढ्यानेच अर्धं काम होतं.

उरलेली अडचण लॅपटॉपची. त्याचा पडदा आणि कीबोर्ड जोडलेले. हात बरोबर ठेवले तर मान वाकते, पडदा उंच केला तर हात वर जातात. म्हणून लॅपटॉपखाली जुनी जाडजूड पुस्तकं रचा, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा आणि वेगळा कीबोर्ड, माउस जोडा. साधे घेतले तर काही शे रुपयांत मिळतात. महागड्या खुर्चीआधी हा खर्च करा. पडदा हातभर लांब हवा. खिडकी बाजूला असू द्या. समोर असली तर डोळे दिपतात, पाठीमागे असली तर पडद्यावर चमक येते.

घरात टेबल-खुर्ची नाही? भिंतीला पाठ टेकवून मांडी घालू द्या, समोर चौरंग, त्यावर पुस्तकं, त्यावर लॅपटॉप, कीबोर्ड मांडीवर. फक्त पलंगावर पालथं पडून अभ्यास नको, त्याबाबत मी ठाम आहे.

कितीही चांगली बैठक असली तरी तासन्‌तास एकाच जागी बसणं वाईटच. दर वीस मिनिटांनी वीसेक सेकंद वीस फुटांपलीकडचं काहीतरी बघू द्या, अंगणातलं झाड, समोरची गच्ची, काहीही. मधूनमधून उठवून पाणी आणायला पाठवा. संध्याकाळचं मैदान मात्र अभ्यासापायी कापू नका. डोळ्यांना उघड्यावरचा उजेड लागतो.

अकरावी-बारावीच्या पालकांनी तर हे आजच बघावं. जेईई मेन आणि सीईटी दोन्ही संगणकावर होतात, जेईईचा पेपर तीन तासांचा. केंद्रावरची खुर्ची आपल्या हातात नाही, तयारीच्या महिन्यांमधली आहे. मान किंवा मनगट सतत दुखत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर ‘सवय होईल’ म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि एकदा मांडलेली बैठक कायमची नसते, मुलं वाढतात. जूनमध्ये गणवेशाची मापं घेता, त्याच दिवशी मुलाला खुर्चीत बसवून कोपरं आणि तळपाय बघा. सतरंजीची एखादी घडी कमी करावी लागेल.