मीठ, पाणी आणि हीटरचा रॉड

'मीठ पाण्यात विरघळतं' एवढी केमिस्ट्री आपल्याला चौथीपासून येते. पण विरघळतं म्हणजे नेमकं काय होतं, असं व्हायवात विचारलं की भलेभले छताकडे बघतात!

मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. त्याच्या खड्यात सोडियमचे धन आयन आणि क्लोराइडचे ऋण आयन एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. पाण्याचा रेणू १०४.५ अंशांत वाकलेला असतो, म्हणून त्याची ऑक्सिजनची बाजू थोडी ऋण आणि हायड्रोजनची थोडी धन. एक बाजू सोडियमला ओढते, दुसरी क्लोराइडला, आणि खडा सुटत जातो. मीठ नाहीसं होत नाही, त्याचे आयन पाण्यात मोकळे फिरू लागतात. यालाही मर्यादा आहे. साध्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळतं, पुढचं तळाशीच राहतं.

आता आमच्या हिंगोलीकडे चला. खाली सगळा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन खोल उतरतं. म्हणून सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यापेक्षा बोअरचं पाणी सहसा जास्त दुष्फेन. साबणाला फेस नाही, डाळ लवकर शिजत नाही. घरी म्हणतात, "पाण्याला खार आहे." हा खार म्हणजेच विरघळलेले क्षार. तुरटीने गाळ बसतो, क्षार जात नाहीत. पाणी तापवलं की बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि पांढरा थर बसतो. कुकरला बसतो तसाच आपल्या होस्टेलच्या रॉडलाही.

खरी गोष्ट इथेच आहे. थरामुळे उष्णता पाण्यात नीट जात नाही, आतली कॉइल जास्त तापते आणि कधी तरी बाहेरची नळी फुटते. मग करंट पाण्यात! मी ९ व्होल्टची बॅटरी, रेझिस्टर आणि एलईडी घेऊन पाहिलं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये एलईडी पेटला नाही, बोअरच्या पाण्यात मंद पेटला, चमचाभर मीठ टाकल्यावर लख्ख! करंट वाहून नेतात ते आयन. खार जितका जास्त, तितकी त्यांना वाट सोपी.

म्हणून रॉडला थर दिसला की प्लग काढून, रॉड थंड झाल्यावर, व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाने तो काढा. नळीला चीर दिसली तर रॉड सरळ फेकून द्या, दोनशे-तीनशे रुपयांसाठी जीव टांगू नका. अर्थिंग नसलेल्या सॉकेटला रॉड लावूच नका. आणि पाणी तापलं का, हे बोट बुडवून बघायची आपली जुनी सवय आहे ना? बोट खुशाल बुडवा, पण आधी प्लग काढा!