नेपाळांतील नद्या आणि पाटपाण्याचे हक्क

ज्या देशांत पर्वत फार, त्या देशांत शेतीला पाणी मुबलक, असा सर्वसाधारण समज असतो. नेपाळ देशाकडे पाहिलें म्हणजे हा समज अर्धाच खरा ठरतो. तेथें लहानमोठ्या नद्या व ओढे मिळून सुमारें ६,००० आहेत असें मानितात; परंतु नदी खोल दरींत वाहते आणि शेत उंच उतारावर असतें. पाणी डोळ्यांना दिसतें, पिकाला मिळत नाहीं. ही अडचण तेथील शेतकऱ्यांनीं कशी दूर केली, हें आपल्या वाचकांनीं जाणून घेण्याजोगें आहे.

या नद्यांचे तीन वर्ग करितां येतात. पहिल्या वर्गांत हिमालयांतील बर्फावर पोसल्या जाणाऱ्या मोठ्या नद्या येतात : पूर्वेस कोशी, मध्यभागीं गंडकी, पश्चिमेस कर्णाली आणि सरहद्दीवर महाकाली. या बारमाही असून चारींचें पाणी अखेर गंगेस मिळतें. शाळिग्राम ज्या काली गंडकींत सांपडतात, ती गंडकीचीच शाखा होय. दुसऱ्या वर्गांत महाभारत नांवाच्या मधल्या डोंगररांगेंत उगम पावणाऱ्या बागमतीसारख्या नद्या आहेत. त्या झऱ्यांवर व पावसावर चालतात. तिसरा वर्ग दक्षिणेकडील चुरे टेकड्यांतून निघणाऱ्या नद्यांचा. या पावसाळ्यांत लोंढा व गाळ घेऊन येतात आणि उन्हाळ्यांत कोरड्या पडतात. वर्षाच्या पावसापैकीं सुमारें चार पंचमांश पाऊस चार महिन्यांतच पडत असल्यामुळें उरलेल्या आठ महिन्यांची तजवीज माणसालाच करावी लागते.

डोंगरी ओढ्यावर धान्य दळण्याची पाणचक्की फार पूर्वीपासून चालते. तिला तेथें घट्ट म्हणतात. काठमांडूजवळ फर्पिंग येथें १९११ सालीं ५०० किलोवॅटचें वीजगृह उभारण्यांत आलें, तर २०२१ सालीं तामाकोशी नदीवर ४५६ मेगावॅटचें वीजगृह सुरू झालें. मोठ्या नद्यांचा कोप मात्र कायमच आहे. १८ ऑगस्ट २००८ रोजीं कुसहा येथें कोशीचा बांध फुटून नेपाळांत व बिहारांत लाखों लोक निराधार झाले. म्हणून डोंगराळ मुलुखांतील शेतकरी मोठ्या नदीच्या वाटेस सहसा जात नाहीं. तो लहान ओढ्यावर दगड, झाडोरा व माती यांचा बंधारा घालतो आणि डोंगराच्या कडेनें पाट काढून पाणी शेतांत आणितो. या पाटास कुलो म्हणतात.

पाल्पा जिल्ह्यांतील दोन कुलो अभ्यासकांनीं बारकाईनें पाहिले आहेत. अर्गली येथील राजकुलो फार जुना. तेथें पाण्याचा हक्क जमिनीस जोडलेला असून क्षेत्राच्या प्रमाणांत पाणी मिळतें. दुसरा चेर्लुंग येथील ठुलो कुलो. याचें काम १९२८ च्या सुमारास सुरू झालें व १९३२ मध्यें पाणी आलें. ज्या घरांनीं खर्च सोसला, त्यांस त्या प्रमाणांत पाण्याचे हिस्से मिळाले. हा हिस्सा जमिनीवेगळा विकतां येतो. हिस्से मोजून देण्यासाठीं पाटांत खाचे पाडलेलें लांकूड आडवें बसवितात. ज्याचा जितका हिस्सा, तितकी त्याच्या खाचेची रुंदी. त्यामुळें तंट्यास जागा राहत नाहीं. दोन्ही ठिकाणीं नियम एकच : ज्याला जितकें पाणी, त्यानें त्या प्रमाणांत पाटाच्या दुरुस्तीस मजूर द्यावे, गैरहजेरीस दंड.

दोन पद्धतींचा परिणाम मात्र निरनिराळा झाला. अर्गलींत पाणी शिल्लक असूनही मूळच्या शेतांबाहेर फारसें गेलें नाहीं, कारण तें दुसऱ्यास देण्यांत हक्कदाराचा कांहीं लाभ नव्हता. चेर्लुंगांत पाणी जपून वापरणाऱ्यास उरलेला हिस्सा विकतां येई, म्हणून भिजणारें क्षेत्र वाढत गेलें.

तराईंत बुटवलजवळ तिनाऊ नदीवर छत्तीस मौजा नांवाची याहून मोठी व्यवस्था आहे. एकोणिसाव्या शतकांत उभी राहिलेली ही व्यवस्था सुमारें ३,५०० हेक्टर जमीन भिजविते. मौजा हा शब्द आपल्या महसुली दप्तरांतीलच. तो तेथेंही गांवाच्याच अर्थीं वापरतात. गांवोगांवचे प्रतिनिधि मिळून आपला मुख्य कारभारी निवडतात आणि गाळ काढण्यास प्रत्येक गांवानें किती माणसें द्यावीं, हें ठरवितात.

आपल्याकडेही असे दाखले आहेत. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम इत्यादि नद्यांवर फड पद्धति शेंकडों वर्षें चालली. तींत एका फडांत एकच पीक घेत आणि पाटकरी व जागल्या हे पाण्याची व्यवस्था पाहत. पुरंदर तालुक्यांत १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनीं पाणी पंचायत सुरू केली. तिनें पाणी जमिनीस न जोडतां माणशी वांटलें, भूमिहीनासही हिस्सा दिला आणि उंसास बंदी केली.

म्हणजे पाणी जमिनीला द्यावें, भांडवलाला द्यावें कीं माणसाला द्यावें, असे तीन मार्ग झाले. पहिल्यांत स्थैर्य आहे, पण पाणी अडून राहतें. दुसऱ्यांत काटकसर आहे, पण अडीनडीस गरीब कुणबी आपला हिस्सा विकून बसेल ही भीति आहे. तिसऱ्यांत न्याय आहे, पण नियम पाळून घेणारी पंचायत खंबीर हवी. २००५ च्या कायद्यान्वयें आपल्या राज्यांत पाणी वापर संस्था स्थापन होतात. अशा संस्थेच्या सभासदांनीं पाट खणण्यापूर्वींच तीन गोष्टी लेखी ठरवून घ्याव्या : हक्क कोणाचा, मोजमाप कशानें आणि दुरुस्तीचा भार कोणावर किती. बंधारा वाहून गेला तर तो पुन्हां घालतां येतो; गांवांत फूट पडली तर धड बंधाऱ्याचें पाणीही शेतापर्यंत पोंचत नाहीं.