रूम टेंपरेचर म्हणजे किती?

उदगीर, मे महिना

चि. भाचीबाईस,

तुझा निरोप मिळाला. विद्यापीठ अनुदान आयोगानं फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्य जर्नलांची ‘केअर’ यादी बंद केली, मग पहिला पेपर आता कोणत्या जर्नलला पाठवायचा, हा तुझा प्रश्न. शिवाय कुणा संपादकानं तुला ‘एमिनंट सायंटिस्ट’ म्हणून तीन दिवसांत पेपर छापून द्यायची ईमेल केली आहे. पेपर लिहून झालेला नाही आणि तू एमिनंट झालीससुद्धा! मी तुझ्या आईला हे गंमत म्हणून सांगितलं, तर ती गल्लीभर सांगत सुटली आहे. आता तिला खुलासा तूच कर.

यादी गेली याचं मला फारसं वाईट वाटत नाही. २०१० नंतर प्राध्यापकांच्या बढतीला ‘एपीआय’चे गुण लागले आणि जर्नलांचं पीक आलं. चर्चासत्राचा विशेषांक निघायचा, त्यात संतसाहित्याच्या शेजारी पायराझोलचं संश्लेषण, आणि मुखपृष्ठावर आयएसएसएन क्रमांक ठळक. तो क्रमांक नियतकालिकाची ओळख पटावी एवढ्यासाठीच असतो. आतला मजकूर तपासून तो कुणी देत नाही. २०१८ साली पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये आयोगाच्या तेव्हाच्या यादीची चिरफाड केली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेल्या ज्या जर्नलांची त्यांनी छाननी केली, त्यातली सुमारे ८८ टक्के निकृष्ट निघाली. शिफारस करणारी विद्यापीठं आपलीच. त्याच वर्षी आयोगानं चार हजारांवर नावं कापली, मग केअर आली, आता तीही गेली. २०२२ च्या नियमावलीत तर प्रबंधाआधी पेपर छापलेला असलाच पाहिजे ही सक्तीही आयोगानं काढून टाकली आहे. तुमच्या नांदेडच्या विद्यापीठाची स्वतःची काही अट असेल तर गाइडना विचारून घे. पण तीन दिवसांत छापून घेण्याइतकी निकड कुणालाच नसते.

आता माझ्या आवडीच्या जर्नलबद्दल. ‘ऑर्गेनिक सिंथेसीज’. पहिल्या महायुद्धात जर्मनीहून येणारी रसायनं बंद झाली, तेव्हा अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातली पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत ती प्रयोगशाळेतच बनवू लागली. रॉजर ॲडम्स यांच्याकडं हे काम होतं. कोणती कृती जमते, कुठं फसते, याच्या नोंदी साठत गेल्या आणि १९२१ मध्ये त्यांचा पहिला खंड निघाला. या जर्नलचा नियम साधा आणि जबर आहे: तू पाठवलेली कृती संपादक मंडळातल्या कुणाच्या तरी प्रयोगशाळेत प्रत्यक्ष करून पाहिली जाते. जमली तरच छापतात, आणि ज्यांनी ती करून पाहिली त्यांची नावंही छापतात. २०१० ते २०१६ या काळात शंभरात सात-आठ कृती एवढ्याचसाठी परत गेल्या, की लेखकानं सांगितलेलं यील्ड दुसऱ्याच्या हातून आलं नाही. म्हणजे जिथं तपासणी होणार हे पाठवणाऱ्याला आधीच ठाऊक आहे, तिथंही हे घडतं. बाकीच्या जर्नलांत काय होत असेल, याचा अंदाज तूच कर.

बाकीची जर्नलं वाईट नव्हेत. त्यांची रीत वेगळी आहे. संपादक पेपर दोन-तीन तज्ज्ञांना पाठवतो, ते तो वाचतात, शंका काढतात. तज्ज्ञ आरबी फ्लास्क हातात घेत नाही. आपल्या मोंढ्यात आडत्या पोत्यातली मूठभर तूर तळहातावर घेतल्याशिवाय भाव बोलत नाही. इथं मात्र पोत्यावरची चिठ्ठी वाचून भाव ठरतो. चिठ्ठी खरी असावी ही जबाबदारी तुझी. २००६ साली ‘अंगेवांटे’ या फार मानाच्या जर्नलमध्ये हेक्सासायक्लिनॉलचं ३७ पायऱ्यांचं संश्लेषण छापून आलं. स्कॉट रिखनोव्हस्की यांनी गणितानं कार्बन एनएमआर काढून पाहिलं, तर ज्या रचनेचं हे संश्लेषण, ती रचनाच चुकीची असावी असं दिसलं. जॉन पोर्को यांच्या गटानं सुधारलेल्या रचनेचा रेणू बनवून त्यावर शिक्कामोर्तब केलं. मूळ पेपर मागं घेतला गेला तो थेट २०१२ मध्ये.

तुझ्यासारख्या नवख्या पोरीला त्याहून जवळचा धोका छोटा असतो. २०१३ मध्ये ‘ऑर्गेनिक लेटर्स’चे संपादक अमोस स्मिथ यांनी जाहीर केलं, की पेपरसोबत येणारे स्पेक्ट्रा तपासायला आम्ही स्वतंत्र माणूस नेमला आहे, आणि काही ठिकाणी अशुद्धीची शिखरं पुसलेली सापडली आहेत. बहुतेकांनी काही मोठा दरोडा घातला नसणार. इथिल ॲसिटेटचं एक शिखर राहिलं, ते दिसायला बरं नाही, म्हणून पुसलं. आपण सॅम्पल चंडीगडच्या ‘सैफ’ या उपकरण केंद्राला पाठवतो, आठवडे वाट बघतो, आणि स्पेक्ट्रम आला की त्यात हेक्झेन नाचत असतं. पुन्हा सॅम्पल वाळवून पाठवायचं म्हणजे पुन्हा पैसे, पुन्हा वाट. मोह मला कळतो. शिखर तसंच ठेव आणि खाली लिही, ‘हेक्झेन शिल्लक’. समजूतदार तज्ज्ञ त्यावर काही बोलत नाही.

आता प्रायोगिक भाग. लोक तो सगळ्यात शेवटी, जुन्या पेपरातून उचलून लिहितात. तू तो आधी लिही, वही समोर ठेवून. ‘रिॲक्शन मिश्रण रूम टेंपरेचरला ढवळलं’ असं तू लिहिशील. कुठल्या रूमचं? जर्मनीतला वाचणारा वीस-बावीस अंश समजेल. आज आपल्या उदगिरात पारा चाळिशीला टेकला आहे. डायइथिल ईथर ३४.६ अंशांना उकळतं, डायक्लोरोमिथेन ३९.६ ला. म्हणजे तुझं रूम टेंपरेचर हे त्या जर्मन वाचणाऱ्यासाठी रिफ्लक्स! डिसेंबरात त्याच टेबलावर तीच रिॲक्शन रात्रभरात होणार नाही, आणि तुझ्या पाठची मुलगी म्हणेल, ताईंचा पेपर खोटा. थर्मामीटर लाव आणि आकडा लिही. ढवळणं बारनं की हातानं, टीएलसीत कोणतं सॉल्व्हंट किती प्रमाणात, स्पॉट आयोडीनमध्ये पाहिला की यूव्हीत, कॉलम किती लांब, यील्ड कॉलमच्या आधीचं की नंतरचं, तीच रिॲक्शन पुन्हा लावल्यावर यील्ड किती आलं, हे सगळं येऊ दे. ९२, ९४, ९५, ९१ असे यील्डचे कोष्टक-भरून सुंदर आकडे बघितले की मला शंका येते. एखादं ६४ असेल तर ६४च लिही. तेवढ्यावरून तज्ज्ञाचा बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

एक आणखी, तुझ्या ‘हरित’ शीर्षकाबद्दल. दहा मिलिलिटर टोल्यूइन वाचवलं म्हणून पद्धत हरित, आणि कंडेन्सरचा नळ आठ तास सांडपाण्यात सोडलेला. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या जिल्ह्याच्या मुलीनं तरी असं लिहू नये. बादलीत छोटा पंप टाकून तेच पाणी फिरवत असशील तर तेही लिही, आणि वर्कअपला लागलेलं दोनशे मिलिलिटर इथिल ॲसिटेटही हिशेबात धर. एवढं करून शीर्षकातला हरित शब्द टिकला तर खुशाल ठेव.

जर्नल कोणतं, ते गाइडशी बोलून ठरव. माझ्या मनात असलेली सांगतो. ‘इंडियन जर्नल ऑफ केमिस्ट्री’ आपलं, १९६३ पासूनचं, वाचायलाही मोफत. ‘बाइलश्टाइन जर्नल ऑफ ऑर्गेनिक केमिस्ट्री’ फ्रँकफुर्टची संस्था स्वतःच्या खर्चानं २००५ पासून चालवते. लेखकाकडून पैसे नाहीत, वाचकाकडूनही नाहीत. पण तिथली गाळणी बारीक आहे. परत आला तर रडत बसू नकोस, तज्ज्ञांनी काढलेल्या खोडी फुकटची शिकवणी समज. त्यांना उत्तर लिहिताना प्रत्येक मुद्दा स्वतंत्र घे. जिथं त्यांचं चुकलं असेल तिथं नम्रपणे पुरावा दे, पण माघार घेऊ नकोस. आणि ज्यानं काम केलं नाही त्याचं नाव लेखकांत नको. हे सांगणं सोपं, करणं अवघड. गाइडपुढं एकटीनं बोलायला जड वाटलं तर मला फोन कर, मी येतो.

पेपर पाठवण्याआधी प्रायोगिक भाग तुमच्या लॅबमधल्या सगळ्यात नवख्या मुलाच्या हाती दे. तू त्या खोलीत थांबू नकोस, त्याच्या प्रश्नांना उत्तरंही देऊ नकोस. त्याच्या हातून मेल्टिंग पॉइंट किती आला ते मला कळव. आणि मसुदा धाडशील तेव्हा स्पेक्ट्रांच्या पीडीएफ नकोत, मूळ एफआयडी फाइली पाठव. लातूरच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडं त्या उघडायचं सॉफ्टवेअर आहे, मी त्याच्याकडं बसून बघीन.

तुझा,
मामा