पंप बदलण्याआधी मोजून घ्या

भर मे महिन्यात कारंज्याहून मालेगावकडे जाताना शेलूबाजारच्या पुढे माझी पेट्रोल गाडी झटके खात बंद पडली. थंड झाल्यावर सुरू झाली, काही अंतरावर पुन्हा तेच. गॅरेजवाल्याने काहीही न तपासता ‘पंप गेला’ म्हणून टाकीतला पंपच बदलला. पैसे गेले, आजार राहिला. शेवटी वाशिमच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनने इंजिन चालू ठेवून मीटर लावला. बॅटरीवर १२ व्होल्टच्या वर दाब होता, पंपाच्या सॉकेटवर जेमतेम ९! दोष पंपात नव्हताच. अर्थिंगच्या वायरचं टोक गंजलं होतं. ते घासून घट्ट बसवलं आणि गाडी सुरळीत झाली.

म्हणून सांगतो, आधी कान द्या. किल्ली ‘ऑन’ केली की मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक घुरघुर ऐकू येते. आवाज नसेल तर फ्यूज बघा, मग त्याच नंबरचा दुसरा रिले लावून पाहा. आवाज आला म्हणजे पंप चांगला, असंही नाही. फिरणारा पंप पुरेसा दाब देईलच याची खात्री नसते. त्यासाठी प्रेशर गेजच लागतो. बहुतेक एमपीएफआय गाड्यांत ३ ते ४ बार दाब असतो, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. रेस दिल्यावर काटा खाली येत असेल तर तुंबलेला फिल्टर किंवा टाकीतली जाळी आधी तपासा. गाडी बंद करताच दाब झपकन उतरला, तर पंपाचा व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर, यांपैकी एकावर संशय घ्या.

अॅम्बेसेडरच्या काळात पंप इंजिनला लागून असे. उन्हाळ्यात त्यावर ओलं फडकं टाकलं की गाडी चाले. आता पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. आपल्या वऱ्हाडच्या उन्हात टाकी तळाला जाईपर्यंत गाडी पळवू नका.

गेज लावण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद होऊ द्या, म्हणजे नळीतला दाब उतरतो. नाहीतर पेट्रोलची चिळकांडी उडते आणि तापलेल्या इंजिनवर भडका उडू शकतो. हे काम उघड्यावर, विडी-सिगारेटपासून लांब करा. आणि गॅरेजमध्ये कुणी पंप बदला म्हणालं, तर आधी विचारा: व्होल्टेज किती आलं, दाब किती आला?