एक दिवा, दोन कळा : मालवाहू गाडीच्या हौद्यातील दिव्याचा पाठ

विद्युत्प्रवाहाचा पाठ शिकविताना घट, तार, दिवा व कळ यांचा साधा परिपथ बहुतेक शाळांतून करून दाखविला जातो. कळ दाबली, दिवा लागला, की पाठ संपला असे समजण्यात येते. वस्तुतः मुलांच्या विचारास खरी चालना येथून पुढेच मिळावयाची असते. एकच दिवा दोन ठिकाणांहून लावावयाचा असेल तर जोडणी कशी करावी, हा प्रश्न वर्गापुढे ठेवून पाहावा.

यासाठी जिन्यातील दिव्याचे उदाहरण पुस्तकांतून नेहमी येते. परंतु जेथे घरे एकमजली आहेत तेथे ते मुलांस परके वाटते. त्यापेक्षा मालवाहू पिकअप गाडी बरी. वाशीच्या बाजारास रात्रीतून पोहोचवावयाचा भाजीपाला तिन्हीसांजेनंतर अशा गाडीत चढविताना पुष्कळ मुलांनी पाहिलेले असते. त्या वेळी हौद्यात उजेड हवा. चालकास तो आपल्या बैठकीवरून लावता यावा, आणि क्रेट चढविणाऱ्यासही मागच्या फाळक्याजवळून लावता यावा. दिवा एक, माणसे दोन.

साहित्य थोडे लागते. टॉर्चचे दीड व्होल्टचे दोन घट, अडीच व्होल्टचा लहान दिवा, त्याचा होल्डर आणि आवरण असलेली बारीक तार एवढे पुरे. कळा मुलांनीच कराव्यात. लाकडाच्या तुकड्यावर दोन टाचण्या (ड्रॉइंग पिन) बसवून एकीत कागदाची धातूची क्लिप अडकवावी. ती फिरवून दुसरीवर टेकली की कळ बंद झाली, म्हणजे वाट जोडली गेली. क्लिपवर प्लॅस्टिकचे व पिनेवर रंगाचे आवरण नसावे, नाहीतर सर्व जोडणी बरोबर असूनही दिवा लागत नाही. घरातील २३० व्होल्टच्या विजेवर यांपैकी कोणताही प्रयोग करावयाचा नाही, ही सूचना आरंभीच स्पष्ट शब्दांत द्यावी.

दुसरी कळ जोडण्यास सांगितले असता बहुतेक मुले ती पहिल्या कळीच्या पुढे, त्याच तारेत बसवितात. मग दोन्ही कळा जोडल्यावाचून दिवा लागत नाही. येथे ‘चुकले’ असे म्हणण्याची घाई शिक्षकांनी करू नये. मुलास घटाच्या धन टोकावर बोट ठेवण्यास सांगावे व ते न उचलता तारेवरून, कळेवरून, दिव्यातून फिरवीत ऋण टोकापर्यंत नेण्यास सांगावे. वाटेत एक जरी कळ उघडी असली तरी बोट तेथे अडते. बोट अडले तेथे प्रवाहही अडला. आकृती पाठ करण्यापेक्षा बोटाने वाट शोधण्याची ही सवय कितीतरी अधिक उपयोगी आहे.

आता दुसरी कळ पहिलीच्या शेजारून, स्वतंत्र तारेने जोडावी. दोन तारा घटाकडून निघाल्या, प्रत्येकीत एक कळ आली व दिव्यापाशी त्या पुन्हा एक झाल्या. ही समांतर जोडणी होय. बोटास आता दोन वाटा आहेत. एक अडली तरी दुसरी मोकळी असते. एस.टी.च्या गाडीत छताखालून गेलेली घंटीची दोरी मुलांना ठाऊक असते. ती पुढून ओढा की मागून, घंटा तीच वाजते. तसेच हे आहे.

दोन्ही कळा एकाच वेळी जोडल्या तर दिवा अधिक प्रखर होईल काय? हा प्रश्न विचारून, प्रयोगापूर्वी हात वर करवून मते मोजावीत. पुष्कळ हात ‘होय’च्या बाजूने वर होतात. प्रयोगात मात्र उजेड तेवढाच राहतो. कळ प्रवाह पुरवीत नाही, ती केवळ वाट मोकळी करते. घट तेच, दिवा तोच, म्हणून प्रवाहही तेवढाच. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की मुले विसरत नाहीत.

जाता जाता भाषेच्या तासाशीही याचा संबंध जोडता येईल. पहिली जोडणी म्हणते, ‘ही कळ आणि ती कळ’. दुसरी म्हणते, ‘ही किंवा ती’. अमेरिकेतील क्लॉड शॅनन यांनी १९३७ साली आपल्या प्रबंधात कळांच्या जोडणीचे नेमके हेच तर्कशास्त्र मांडले, आणि आजच्या संगणकांची रचना त्याच पायावर उभी आहे.

समांतर जोडणीत एक उणीव राहते. क्रेट उतरवून झाले, मागची कळ जोडलेलीच राहिली आणि गाडी रात्रभर उभी राहिली, तर चालकाने आपली कळ कितीही फिरविली तरी दिवा विझत नाही. याचे गणित वर्गात करवून घ्यावे. १२ व्होल्टवर २१ वॉटचा दिवा पावणेदोन अँपिअर प्रवाह घेतो. दहा तासांत साडेसतरा अँपिअर-तास खर्च होतात. बॅटरी ६० अँपिअर-तासांची असली, तर पाव भागाहून अधिक साठा एका रात्रीत गेला. बॅटरी जुनी असेल तर सकाळी गाडी ढकलून सुरू करण्याची पाळी येते.

यावर जिन्यातील युक्ती आहे. कळीत दोनऐवजी तीन पिना घ्याव्यात. क्लिप मधल्या पिनेत अडकवावी. ती कधी वरच्या, तर कधी खालच्या पिनेवर टेकते. अशा दोन कळा करून पहिलीची मधली पिन घटाला व दुसरीची मधली पिन दिव्याला जोडावी. मग वरच्या पिना एका तारेने व खालच्या पिना दुसऱ्या तारेने परस्परांस जोडाव्यात. दोन्ही क्लिपा एकाच तारेवर टेकल्या की दिवा लागतो, निरनिराळ्या तारांवर असल्या की विझतो. म्हणून कोणतीही एक कळ फिरविली की दिव्याची स्थिती बदलते. चारही स्थिती मुलांनी वहीत मांडाव्यात. अशा वेळी एकाच कळीकडे पाहून दिवा लागला आहे की नाही हे सांगता येत नाही, हे चाणाक्ष मुलांच्या आपोआप ध्यानी येते.

मग गाडीसाठी कोणती जोडणी चांगली? जिन्याची, असे वर्ग एकमुखाने म्हणेल. तेव्हा विचारावे : खांद्यावर क्रेट घेतलेला माणूस हौद्याच्या काठावर उभा असता चालकाने पुढून कळ फिरविली तर? क्षणात अंधार होईल आणि पाय निसटेल. समांतर जोडणीत दुसऱ्याचा उजेड कोणासच हिरावून घेता येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते गाडीत समांतर जोडणीच ठेवावी, आणि विसर पडू नये म्हणून हौद्यातील दिव्याच्या दोन टोकांस समांतर असा एक लहान तांबडा दिवा चालकासमोर बसवावा. दुसरे मत असणारी मुले असतील तर त्यांना वाद घालू द्यावा. पाठाचा तोच भाग सर्वांत मोलाचा आहे.

प्रत्यक्ष गाडीत परतीची तार बहुधा नसते. बॅटरीचे ऋण टोक लोखंडी सांगाड्यास जोडलेले असते व सांगाडाच परतीच्या तारेचे काम करतो. त्यामुळे धन तारेचे आवरण पत्र्याच्या छिद्राशी घासून फाटले, तर प्रवाह दिव्यातून न जाता थेट सांगाड्यात शिरतो. तो शेकडो अँपिअरपर्यंत चढू शकतो, तार तापून लाल होते व आग लागते. म्हणून छिद्रात रबरी कडे बसवितात व तारेत वितळतार (फ्यूज) घालतात. वरील दिव्यास पाच अँपिअरची पुरे. ती बॅटरीच्या अगदी जवळ असावी. दिव्याजवळ बसविली तर मधल्या लांब तारेस तिचे संरक्षण मिळत नाही. का, ते मुलांना पुन्हा बोटानेच शोधू द्यावे. जड मालमोटारींत बहुधा २४ व्होल्टची व्यवस्था असते, तेव्हा दिवाही तसाच लागतो. गाडीच्या बॅटरीस मुलांनी हात लावू नये. गावात गाड्यांची वायरिंग करणारा कारागीर असल्यास त्यास एक दिवस वर्गात बोलवावे.

राहिला तिसऱ्या ठिकाणचा प्रश्न. समांतर जोडणीत तिसरी कळ तशीच शेजारून जोडता येते. जिन्याच्या जोडणीत मात्र मधल्या दोन तारांवर चार पिनांची कळ बसवावी लागते. ती त्या तारा कधी सरळ, तर कधी एकमेकींस छेदून जोडते. टाचण्या व क्लिपा वापरून अशी कळ कशी करावी, हे वरच्या वर्गातील मुलांनी आठवडाभरात शोधून आणावे.