घाटातला ट्रक आणि शेतातला भरणा

सभासद बंधूंनो,

गळीत हंगाम जवळ आला की आपण तोडणीचा प्रोग्राम, नोंदी आणि उतारा ह्यांवर बोलतो. आज मात्र धडा वेगळा आहे. राज्याच्या सीमा ओलांडणारे मालट्रक आणि त्यांची तपासणी हा तो विषय. ‘आपलं काय जातं त्यात?’ असे कोणी विचारील. पण ह्याच रस्त्यांवर आपला ऊस, आपली साखर, आपले तोडणी मजूर आणि आपली पोरं असतात.

४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ मध्य प्रदेशाकडून धुळ्याकडे येणाऱ्या कंटेनरचे ब्रेक निकामी झाले. वाटेतल्या वाहनांना ठोकरीत तो रस्त्याकडेच्या हॉटेलात शिरला. किमान १० माणसे गेली. त्याआधी फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटून त्यातून गावी परतणारे किमान १५ मजूर गेले होते. एकात ब्रेक गेला, दुसऱ्यात मालाच्या गाडीत माणसे बसली होती.

ब्रेक का जातो?

ब्रेक म्हणजे घर्षण, आणि घर्षण म्हणजे उष्णता. एक टन वजन १०० मीटर खाली उतरताना जी शक्ती सुटते, तिच्यावर सुमारे ३ लिटर थंड पाण्याला उकळी येईल. म्हणजे ३० टनांच्या ट्रकाला तेवढ्याच उतारावर ९० लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता जिरवावी लागते. गुऱ्हाळाच्या काहिलीखाली जाळ घालणाऱ्याला हा हिशेब सांगायला नको. ही उष्णता सगळी ब्रेकवर टाकली तर ड्रम तापतात, लायनर पकड सोडतो आणि पायाखालचा ब्रेक असून नसल्यासारखा होतो. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरात घाट चढशील त्याच गिअरात उतर. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणे म्हणजे मरणाला बोलावणे होय. जादा भरलेला प्रत्येक टन ह्या उष्णतेत भरच घालतो.

नाक्यावर विसंबून चालणार नाही

गुजरातने आपले परिवहन तपासणी नाके नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद केले. मध्य प्रदेशाने १ जुलै २०२४ पासून बंद केले. आपल्या राज्यातही २०२५ साली तशा हालचाली सुरू झाल्या. रांगा आणि वाटेतला त्रास कमी व्हावा, हा हेतू चांगलाच आहे. पण नाका गेला म्हणून कायदा गेला असे नाही. वायुवेग पथक गाडी कुठेही थांबवून वजन करायला लावू शकते.

मोटार वाहन कायदा, १९८८ ह्यातील कलम १९४ नीट समजून घ्या. जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. ३ टन जादा असतील तर २६,००० रुपये झाले. जादा माल उतरविल्याशिवाय गाडी हलत नाही. माल हौद्याबाहेर किंवा ठरल्या उंचीवर गेला तरी २०,००० रुपये. थांबायला वा वजन करायला नकार दिला तर ४०,००० रुपये. आणि मुख्य गोष्ट अशी की हा दंड चालवणाऱ्यापुरता नाही, गाडी तशी चालवायला लावणाराही त्यात येतो.

माझीही चूक सांगतो. एका हंगामात आभाळ भरून आले होते, ऊस फडात पडून होता. ट्रॅक्टरवाला म्हणाला, “साहेब, एकच खेपमा काम व्हई जाई.” मी मान हलविली. नाल्याच्या उतारावर मागच्या ट्रॉलीने ट्रॅक्टरला ढकलले, गाडी आडवी झाली आणि त्या पोराचा पाय कायमचा गेला. ऊस दुसऱ्या दिवशीही गाळता आला असता. तेव्हापासून ‘एकच खेप’ हे शब्द ऐकले की मी फडातून हलत नाही.

सभासदांनी एवढे करावे

१. वजनकाटा आपल्याच दारात आहे. पावतीवरील एकूण वजन आणि आर. सी. बुकातील मंजूर वजन ताडून पाहा. फरक दिसला तर पुढच्या खेपेला मोळ्या कमी करायला सांगा.

२. मोळ्या हौद्याबाहेर येऊ देऊ नका. मागे परावर्तक पट्टी असल्याशिवाय रात्री गाडी सोडू नका.

३. वाहतूकदाराकडे योग्यता प्रमाणपत्र मागा. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला ते दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दर वर्षी घ्यावे लागते.

४. मजूर, बायाबापड्या आणि मुले भरल्या उसावर बसू देऊ नका. मुकादमाला हे पहिल्याच दिवशी बजावा.

५. गाडी बंद पडून चाकाला दगड लावले तर निघताना ते उचला. रस्त्यात राहिलेला दगड मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव घेतो.

सीमेवर तपासणारा माणूस गाडी पाहतो ती भरून झाल्यावर. भरताना तिच्याजवळ आपणच उभे असतो. तेव्हा पहिला तपासणी नाका आपल्या बांधावर आहे असे समजून चालावे, ही विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी