कर्जवसुलीचा कायदा : धनको व ऋणको यांनी काय जाणावे

भाताची झोडणी आटोपली, की सोसायटीच्या सचिवाची फेरी सुरू होते. किनाऱ्यावरील कोळीवाड्यांत हीच वेळ जूनमध्ये येते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांस मासेमारी बंद, मिळकत थांबलेली, व्याज मात्र चालू. अशा वेळी कायद्याचे अज्ञान उभय पक्षांस नडते. धनको अरेरावी करून गुन्ह्यास पात्र ठरतो, तर ऋणको भीतीने नोटीस न उघडता कोनाड्यात ठेवतो व मुदत गमावतो. दुसरी चूक अधिक महाग पडते, असा अनुभव आहे.

या जिल्ह्यास कर्जाचा इतिहास नवा नाही. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर एवढ्या चार जिल्ह्यांपुरताच होता. तत्कालीन कुलाबा त्यातून वगळलेला राहिला. अलिबागजवळील चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला व तो १९३९ पर्यंत चालला. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. सावकारी मात्र गेली नाही, फक्त तिचे रूप पालटले.

आज महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू आहे. परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद वा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शासनाने २०१४ साली ठरविलेले दर शेतकऱ्यासाठी असे : तारण कर्जास वार्षिक ९ टक्के, विनातारण कर्जास १२ टक्के. चक्रवाढ व्याजास मनाई आहे, आणि व्याजाची एकूण रक्कम मुद्दलाहून अधिक घेता येत नाही. यासच आपण दामदुपट म्हणतो. गावात 'शेकडा पाच' असे सहज बोलले जाते, पण ते दरमहा असते हे विसरू नये. पन्नास हजारांवर वर्षाचे व्याज तीस हजार होते. कायद्याने तारणावर ते साडेचार हजारच व्हावयास पाहिजे. परवानाधारक सावकाराने रोजकीर्द व खातेवही ठेवावयाची असते आणि ऋणकोस हिशेबाचा उतारा द्यावयाचा असतो. कोऱ्या कागदावर सही वा अंगठा कोणीही देऊ नये, मग समोरचा कितीही घरोब्याचा असो.

या किनाऱ्यावर सर्वांत घातक प्रकार निराळाच आहे. मुंबईच्या सान्निध्यामुळे जमिनीचे मोल चढले, आणि धनको गहाणाऐवजी सरळ खरेदीखतच मागू लागला. "पैसे फेडलेस की जमीन परत लिहून देतो," असे तोंडी आश्वासन मिळते. येथे कास्तकाराने एक नियम ध्यानी ठेवावा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५८ प्रमाणे परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली असेल, तरच तो व्यवहार सशर्त विक्रीचे गहाण मानला जातो. अट वेगळ्या कागदावर वा केवळ तोंडी असेल, तर त्या कलमाखाली गहाण सिद्ध होत नाही. उलट खरे गहाण असेल, तर ते सोडविण्याच्या दाव्यास तीस वर्षांची मुदत आहे.

ज्याची जमीन अशा रीतीने गेली आहे, त्याने निराश होण्याचे कारण नाही. सावकारीच्या ओघात विक्री, गहाण, पट्टा वा अन्य मार्गाने सावकाराकडे गेलेल्या स्थावर मिळकतीबाबत सावकारी अधिनियमाच्या कलम १८ खाली जिल्हा निबंधकाकडे, म्हणजे सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे, अर्ज करता येतो. अर्जापूर्वीच्या पंधरा वर्षांतील व्यवहार त्यात येतात. चौकशीत सावकारी सिद्ध झाल्यास तो दस्त अवैध ठरवून ताबा परत देण्याचा आदेश होऊ शकतो. पैसे कोणत्या तारखेस, किती व कोणासमक्ष मिळाले, व्याज कसे दिले, याचा पुरावा येथे निर्णायक ठरतो. ग्रामसेवकाने अर्ज लिहून देण्यापूर्वी ही माहिती तारीखवार उतरवून घ्यावी.

सोसायटीचे कर्ज थकले तर मार्ग वेगळा. सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधक वसुली दाखला देतो. पुढे मागणी नोटीस, जप्ती व जाहीर लिलाव असा क्रम असतो. दाखल्याविरुद्ध फेरतपासणीचा अर्ज करावयाचा, तर येणे रकमेच्या निम्मी रक्कम संस्थेत भरावी लागते. म्हणून हिशेबावरील हरकत दाखला निघण्यापूर्वीच, सुनावणीत, मांडावी. स्थावराचा लिलाव झाल्यावरही तीस दिवसांच्या आत थकबाकी व्याज-खर्चासह आणि खरेदीदारासाठी विक्री रकमेचे पाच टक्के भरल्यास लिलाव रद्द करून घेता येतो.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. "शेतजमिनीवर बँकेची जप्ती येत नाही," असे पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. हे २००२ च्या सरफेसी कायद्यापुरते खरे आहे. त्या कायद्याने बँक न्यायालयात न जाता, साठ दिवसांची नोटीस देऊन, तारणाचा ताबा घेऊ शकते, पण शेतजमीन त्यातून वगळलेली आहे. तीही प्रत्यक्ष शेती होत असेल तरच. गोव्यातील एका हॉटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हे स्पष्ट केले. सोसायटीच्या दाखल्याखाली वा दिवाणी हुकूमनाम्याखाली मात्र गहाण शेतजमिनीची विक्री होऊ शकते.

साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० शेतकऱ्याचे राहते घर, अवजारे, शेतीस लागणारी गुरे व बी-बियाणे, स्वयंपाकाची भांडी आणि धर्माचाराने स्त्रीस अंगावेगळे न करता येणारे अलंकार यांस संरक्षण देते. घर गहाणच दिले असेल, तर त्या गहाणाच्या वसुलीत हे संरक्षण मिळत नाही.

आता धनकोसाठी दोन शब्द. हातउसने देणाऱ्या शेजाऱ्यानेही लेखी चिठ्ठी करावी. पैशाच्या दाव्यास सामान्यतः तीन वर्षांची मुदत आहे. मुदतीच्या आत ऋणकोने कर्ज सहीनिशी मान्य केले, तर मुदत नव्याने सुरू होते. दारात बसून शिव्या देणे, नौका वा इंजिन ओढून नेणे, हा वसुलीचा मार्ग नव्हे. बँकांच्या वसुली प्रतिनिधींस सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

दोघांची देण्याघेण्याची तयारी असेल, तर लोक अदालत सोयीची. तेथील निवाडा हुकूमनाम्याइतका बंधनकारक असतो, त्यावर अपील नाही, आणि न्यायालयात भरलेले शुल्क परत मिळते. स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींस विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो. जिल्ह्याचे कार्यालय अलिबागेत आहे.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-मुरुडच्या वाड्यांतील सुपारी व नारळ मोडून पडले. अशा प्रसंगी कर्ज थकण्याची वाट न पाहता, पंचनाम्याची प्रत जोडून, हप्त्यांच्या पुनर्गठनासाठी बँकेकडे लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी.

कर्ज फिटल्यावर एक काम हमखास राहून जाते. सोसायटीस करून दिलेला इकरार सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा म्हणून नोंदलेला असतो, आणि तो आपोआप कमी होत नाही. बेबाकीचा दाखला घेऊन तो ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, द्यावा, फेरफार मंजूर झाल्याची खात्री करावी व बोजा उतरलेला नवा उतारा घरी आणून ठेवावा.